मोजून दिलेला श्वास

1952 चा ऑगस्ट. कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात पोलिओचे रुग्ण येत होते, ते थांबायचं नाव घेत नव्हते. साथ ऐन भरात असताना एकेका दिवशी पन्नासच्या आसपास रुग्ण दाखल झाले. बहुतेक मुलंच. त्यांतल्या काहींचे हातपाय लुळे पडले होते, आणि काहींचा पोलिओ मानेच्या वर चढून मेंदूच्या देठापर्यंत पोचला होता. मेंदूचा हा देठ, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, गिळणं आणि श्वास या दोन्ही गोष्टी सांभाळतो. तो आजारी पडला की स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नाही. ती घशात साचते, श्वासनलिकेत उतरते आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडू लागतो.

एवढ्या मोठ्या रुग्णालयात श्वास देणारी यंत्रं किती, तर एक लोखंडी फुप्फुस आणि छातीवर चिलखतासारखी बसवायची सहा छोटी यंत्रं. साथीच्या पहिल्या काही आठवड्यांत श्वास अडलेल्या 31 जणांना या यंत्रांवर ठेवलं. त्यांतले 27 गेले, बहुतेक तीन दिवसांच्या आत.

रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर हेन्री लासेन अनुभवी होते, आणि त्यांच्यापुढे प्रत्येक मृत्यू जवळपास एकाच पद्धतीने घडत होता. मूल आधी घामाने डबडबायचं, रक्तदाब चढायचा, ताप वाढायचा, डोळ्यांवर झापड यायची, मग बेशुद्धी आणि शेवट. साऱ्यांनी याचा अर्थ लावला होता की विषाणूने मेंदूच गिळला आहे आणि आता इलाज नाही. रक्ताच्या तपासणीत कार्बन डायऑक्साइडचा एकूण साठा खूप वाढलेला दिसे. तो आकडा पाहून रक्त अल्कधर्मी झालं आहे असं समजलं जाई. ते का झालं, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

मोगेन्स ब्यर्नेबो नावाच्या एका तरुण डॉक्टरने लासेन यांना सुचवलं की भूलतज्ज्ञाला बोलावून पाहू. आज ही सूचना साधी वाटते. त्या काळी भूल देणाऱ्या माणसाची जागा शस्त्रक्रियेच्या खोलीत, टेबलाच्या डोक्याशी होती. वॉर्डातल्या आजाऱ्याशी त्याचा काय संबंध, असंच सगळे मानत. तरी लासेन यांनी होकार दिला, आणि माझ्या मते या सगळ्या हकिगतीत त्यांचा तो होकार फार मोठा आहे. वॉर्डातली मुलं डोळ्यांदेखत मरत असताना, मला हे कळत नाही, बाहेरच्या माणसाला विचारा, असं म्हणायला प्रमुखपदावरच्या माणसाला मन मोठं लागतं.

आलेला भूलतज्ज्ञ होता ब्यर्न इब्सेन. वय 36. बोस्टनला शिकून आलेला. 25 ऑगस्टला बैठक झाली. इब्सेनने रुग्णांचे कागद पाहिले, शवविच्छेदन पाहिलं. फुप्फुसं इतकीही खराब नव्हती की त्यांतून हवा जाऊ नये. मग त्याने तो रक्ताचा आकडा उलटा वाचला. त्याचं म्हणणं असं की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला आहे, कारण तो बाहेरच पडत नाही. घाम, चढलेला रक्तदाब, झापड ही विषाणूची करणी नाही, ही अपुऱ्या श्वासाची लक्षणं आहेत. यंत्रं छातीला बाहेरून ओढतात, पण घसा लाळेने भरलेला असताना त्या ओढीने हवा आत येणार कुठून?

दोन दिवसांनी, 27 ऑगस्टला, त्याला हे सिद्ध करून दाखवायला एक रुग्ण मिळाली. बारा वर्षांची मुलगी. चारी हातपाय लुळे, अंगात ताप, घशात घरघर, ओठ निळे. स्थानिक भूल देऊन तिच्या श्वासनलिकेला गळ्याशी छेद घेतला आणि त्यातून फुगा असलेली नळी आत सरकवली. पण मुलगी घाबरून धडपडू लागली, तिच्या श्वासनलिका आकसल्या आणि पिशवी कितीही दाबली तरी हवा आत जाईना. पाहायला जमलेले डॉक्टर एकेक करून पांगले. तेव्हा इब्सेनने तिला पेंटोथॉल हे भुलीचं औषध दिलं. मुलगी शिथिल पडली, धडपड थांबली आणि छाती पिशवीबरोबर वरखाली होऊ लागली. घशातला कफ ओढून काढला. ओठांवर रंग आला, घाम थांबला, रक्तदाब उतरला. मग त्याने मुद्दाम हाताने देत असलेला श्वास कमी केला. घाम आणि रक्तदाब परत आले. पुन्हा पिशवी नीट दाबली, पुन्हा दोन्ही गेले. मेंदू संपल्याची खूण म्हणून ज्याकडे इतके दिवस पाहिलं जात होतं, ते एका माणसाच्या हाताच्या दाबाने येत-जात होतं.

पिशवी दाबायला यंत्र नव्हतं, म्हणून हात आणले. विद्यापीठातली वैद्यकीय विद्यार्थी मंडळी पाळ्या लावून आली. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्णांना असा हाताने श्वास दिला जात होता. खाटेशेजारी स्टूल, स्टुलावर विद्यार्थी, त्याच्या हातात रबरी पिशवी, आणि पिशवीला जोडलेल्या डब्यात कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा सोडा लाइम. रुग्ण बहुतेक शुद्धीत असायचे. लहान मुलांना विद्यार्थी एका हाताने पिशवी दाबत गोष्टी वाचून दाखवायचे. साथ ओसरेपर्यंत सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी मिळून 1,65,000 तास हे काम केलं. श्वास अडलेल्यांतला मृत्यूचा आकडा शंभरात 87 होता. तो आधी निम्म्यावर आणि पुढे पंचवीसच्या आसपास उतरला. ती बारा वर्षांची मुलगीही वाचली, त्यानंतर जवळजवळ एकोणीस वर्षं जगली.

दुसरी एक गोष्ट त्याच वॉर्डात घडली आणि तिचा बोलबाला कमी झाला. पिशवी किती दाबायची हे हाताला कसं कळणार? कमी दाबली तर वायू साचतो, जास्त दाबली तर गरजेपेक्षा अधिक बाहेर जातो. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पोल आस्त्रुप यांनी रक्ताच्या आम्लतेवरून कार्बन डायऑक्साइडचा दाब काढायची चटकन होणारी रीत बसवली. आज आयसीयूत रुग्णाच्या मनगटाच्या धमनीतून रक्त काढून 'एबीजी' पाठवतात, त्याचं मूळ इथे आहे. यंत्राने श्वास देणं आणि तो मोजणं या दोन्ही गोष्टी एकाच साथीतून आल्या. पुढच्या वर्षी, 1953 च्या डिसेंबरात, इब्सेनने शहराच्या नगर रुग्णालयात गंभीर रुग्णांसाठी एक स्वतंत्र खोली उघडली. अतिदक्षता विभाग असा जो शब्द आपण वापरतो, त्याची सुरुवात बहुतेक इतिहासकार त्या खोलीपासून धरतात.

पोलिओ लशीने मागे हटला, पण ती खोली राहिली. तिथे आता रस्त्यावरच्या अपघातात डोकं फुटलेले, मेंदूत रक्तस्राव झालेले, झोपेच्या गोळ्या घेतलेले रुग्ण येऊ लागले. खोलवर बेशुद्ध माणूस श्वास घेत असला तरी पुरेसा घेत नाही, जीभ मागे पडते, उलटी फुप्फुसात जाते. त्याला नळी घालून यंत्रावर ठेवलं की तो तगतो. इथवर हिशेब कोपनहेगनचाच होता. पण मार लागलेल्या मेंदूची एक वेगळी अडचण असते, तिने या कथेला दुसरं वळण दिलं.

कवटी हाडाची, बंद. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतालचं पाणी, एवढी तीनच. मार लागून मेंदू सुजला की उरलेल्या दोघांना जागा सोडावी लागते. जागा संपली की आतला दाब चढतो, आणि एका मर्यादेनंतर रक्तच वर चढेनासं होतं. स्कॉटलंडच्या मन्रो आणि केली यांनी हे अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला मांडलं होतं. आता प्रश्न असा की सूज लगेच उतरवता येत नाही, मग जागा कशाची कमी करायची?

उत्तर अमेरिकेतून आलं होतं. सीमोर केटी आणि कार्ल श्मिट यांनी चाळिशीच्या दशकात माणसाच्या मेंदूतून दर मिनिटाला किती रक्त वाहतं ते मोजायची पद्धत काढली. 1948 साली त्यांनी दाखवलं की श्वासातून कार्बन डायऑक्साइड वाढवला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्याआधी त्यांनी हेही पाहिलं होतं की भराभर श्वास घेऊन हा वायू उडवून लावला की त्या आकसतात आणि रक्तप्रवाह सुमारे एक तृतीयांशाने घटतो. मेंदूच्या रक्ताच्या नळाचा चाप हाच वायू. मग व्हेंटिलेटरचा वेग वाढवला तर? वायू कमी, वाहिन्या अरुंद, कवटीत रक्त कमी, दाब कमी.

स्वीडनमधल्या लुंड गावी निल्स लुंडबर्ग या मेंदूच्या सर्जनने हे डोळ्यांनी पाहिलं. कवटीला बारीक भोक पाडून मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत नळी घालायची आणि आतला दाब सरकत्या कागदावर अखंड उमटवायचा, हे काम त्याने 143 रुग्णांवर केलं आणि 1960 मध्ये छापलं. त्या कागदांवर दाबाचे डोंगर उठलेले दिसतात, एकेक पाच-पाच, वीस-वीस मिनिटं टिकणारा, खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसाला बाहेरून काहीच दिसत नसताना. आणि यंत्राचा वेग वाढवला की ती रेघ खाली येते. लुंडबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1959 मध्येच हा उपाय प्रसिद्ध केला होता. ज्याने ती रेघ खाली येताना पाहिली, त्याने विश्वास ठेवला यात आश्चर्य नाही. पुढची तीस वर्षं जगभरच्या न्यूरोसर्जिकल आयसीयूंत डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाला नळी घातली की वेग वाढवायचा, हा जवळपास नियम झाला. दाब चढलेला असो वा नसो, आधीच खबरदारी म्हणून.

त्याच 1959 साली पॅरिसहून दुसरी बातमी आली. क्लोद बर्नार रुग्णालयातले पिएर मोलारे आणि मोरिस गुलों यांनी 23 रुग्णांचं वर्णन केलं. यंत्रावर छाती हलत होती, हृदय चालत होतं, पण मेंदूचं एकही काम उरलं नव्हतं, आणि ते परत आलं नाही. बेशुद्धीच्याही पलीकडची अवस्था, असं त्यांनी तिचं नाव ठेवलं. व्हेंटिलेटर नव्हता तेव्हा अशी अवस्था असणं शक्यच नव्हतं, कारण श्वास थांबला की काही मिनिटांत हृदयही थांबे. यंत्राने मृत्यूचे दोन तुकडे केले होते. या प्रश्नाची चाहूल त्याआधीच लागली होती. इन्सब्रुकच्या ब्रुनो हाइड या भूलतज्ज्ञाने थेट पोपना विचारलं होतं, आणि 1957 च्या नोव्हेंबरात पायस बारावे यांनी उत्तर दिलं होतं की मृत्यू नेमका कधी, हे ठरवणं चर्चचं नव्हे, डॉक्टरांचं काम आहे.

डॉक्टरांना ते ठरवावं लागलं ते हृदयारोपणाच्या घाईत. 1967 च्या डिसेंबरात केपटाऊनला पहिलं हृदयारोपण झालं. अडीच महिन्यांत, 16 फेब्रुवारी 1968 ला, आपल्या मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. त्या वेळी मेंदू मेला म्हणजे माणूस मेला, असं म्हणणारा कायदा आपल्याकडे नव्हता, आणि जगातही सर्वमान्य निकष नव्हते. हार्वर्डच्या समितीचा अहवाल आला त्याच वर्षीच्या ऑगस्टात. हेन्री बीचर हा भूलतज्ज्ञ तिचा अध्यक्ष होता. तीन मिनिटं यंत्र काढून पाहायचं, रुग्ण स्वतः श्वास घेतो का, ही त्यातली एक अट.

तीन मिनिटं का पुरत नाहीत, हे समजायला पुन्हा त्याच वायूकडे यावं लागतं. श्वास घ्यायची हाक मेंदूच्या देठाला प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड देतो. यंत्र काढल्यावर त्याचा रक्तातला दाब मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर पाऱ्याने चढतो, म्हणजे चाळीसवरून तीन मिनिटांत पन्नासच्याही खालीच. एवढ्याशा हाकेला जिवंत देठही गप्प राहू शकतो. म्हणून पुढे चाचणी सुधारली. यंत्र काढायचं, नळीतून प्राणवायू सोडत राहायचा म्हणजे हृदयाला तोटा पडत नाही, आणि वायूचा दाब साठपर्यंत चढू द्यायचा. तोवर छातीकडे टक लावून बघायचं. एवढी मोठी हाक देऊनही छातीने उत्तर दिलं नाही, तर देठ गेला. नातेवाइकांना ही चाचणी सांगताना डॉक्टरांचा आवाज खाली जातो. पण मला ही चाचणी न्यायाची वाटते. रुग्णाला श्वास घ्यायची जितकी संधी देता येईल तितकी देऊन मगच निकाल दिला जातो.

भारतात या निकालाला कायदा मिळाला तो 1994 मध्ये. मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभ मृत्यू मान्य केला. डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासायचं, असं ठरलं. हा विषय राज्यांचा असल्याने राज्यांनी ठराव करून संसदेला तो सोपवावा लागतो. तसा ठराव सर्वांत आधी करणाऱ्या राज्यांत हिमाचल प्रदेशाबरोबर महाराष्ट्र आणि गोवा होते. 4 फेब्रुवारी 1995 पासून या तीन राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत कायदा अमलात आला. आज पुण्यात किंवा नागपुरात रस्ता मोकळा करून एखादं हृदय विमानतळाकडे धावतं, तेव्हा त्याच्यामागे हा कागद असतो.

मेलेल्या मेंदूचा निवाडा असा लागत गेला. जिवंत मेंदूच्या बाबतीत मात्र वेगवान श्वासाचा नियम तसाच चालू होता. शंका घेणारे होते. वॉल्टर ओब्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखवलं की या उपायाने दाब कमी होतो त्यापेक्षा रक्तप्रवाह जास्त कमी होतो. मेंदूला मार बसल्यावरच्या पहिल्या दिवसात अनेक रुग्णांत प्रवाह आधीच घटलेला असतो, हेही पुढे कळलं. म्हणजे तहानलेल्याचं पाणी आपण आणखी तोडत होतो. शिवाय वाहिन्या फसत नाहीत. दिवसाभरात मेंदूभोवतालचं पाणी आपली आम्लता सावरून घेतं आणि वाहिन्या पुन्हा पहिल्या रुंदीवर येतात. मग यंत्राचा वेग उतरवला की त्या गरजेपेक्षा जास्त रुंदावतात आणि दाब उसळतो.

1991 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधून, रिचमंडहून, पॉल म्यूझेलार आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला. डोक्याला जबर मार लागलेल्या 113 रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं गटांत वाटलं होतं. एका गटात वायू 35 च्या आसपास ठेवला, दुसऱ्यात यंत्र भराभर चालवून 25 वर आणला. ज्या रुग्णांची सुरुवातीची स्थिती त्यातल्या त्यात बरी होती, तेच भराभर श्वासाच्या गटात तीन आणि सहा महिन्यांनी मागे पडलेले दिसले. वर्षभरानंतर हा फरक तितका ठळक राहिला नाही, पण आधीच खबरदारी म्हणून वेग वाढवायच्या रिवाजाला आधार उरला नाही. ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनने 1995 मध्ये मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांत हा रिवाज सोडायला सांगितलं. 2016 च्या आवृत्तीतही दीर्घकाळ 25 किंवा त्याखाली ठेवू नका, असंच आहे. दाब एकाएकी चढला, बाहुली मोठी झाली, तर सर्जन येईपर्यंत थोडा वेळ वेग वाढवणं मान्य आहे. एरवी वायू 35 ते 45 च्या दरम्यान. म्हणजे निरोगी माणसात असतो तितकाच.

तीस वर्षं शहाण्या, कष्टाळू माणसांनी हा उपाय केला, कारण तर्क बरोबर होता आणि कागदावरची रेघ खाली येत होती. रुग्ण सहा महिन्यांनी घरी कसा वावरतो, हे त्या रेघेत नव्हतं. लुंडबर्गला दोष देण्यात अर्थ नाही, त्याने मोजलं आणि मोजलं ते खरंच होतं. दोष असलाच तर इतका की इतकी वर्षं कोणी दोन गट करून रुग्णांना शेवटपर्यंत पाहिलं नाही.

डेन्मार्कने जगाला आणखी एक वस्तू दिली, ती आपल्या प्रत्येक अपघात विभागात आहे. हेनिंग रूबेन या भूलतज्ज्ञाने आणि होल्गर हेसे या अभियंत्याने दाबून सोडली की आपोआप पुन्हा फुगणारी पिशवी तयार केली. 1956 मध्ये ती विकायला आली. तीच अंबू बॅग. व्हेंटिलेटर रिकामा नसलेल्या सरकारी रुग्णालयात आजही कधी रात्र-रात्र ती नातेवाइकांच्या हातात असते. स्कूटरवरून पडलेल्या मुलाचा बाप, भाऊ, मित्र खाटेशेजारी उभे राहून ती पाळीपाळीने दाबत असतात. भीतीने हात भराभर चालतो. आपण जास्त दिलं तर जास्त जगेल, असं त्या हाताला वाटतं. ब्लेगडामच्या विद्यार्थ्यांच्या जागी आज हे लोक आहेत, फक्त त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. सिस्टर जाता-जाता म्हणते, "हळू दाबा, हळू," आणि पुढच्या खाटेकडे जाते.

ते हळू म्हणजे किती, हे प्रत्येक वॉर्डात, त्या पिशवीवरच चिकटपट्टी लावून, मराठीत लिहून ठेवायला हवं. आणि तुमच्यावर कधी ती वेळ आली आणि डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल, तर मोठ्या माणसासाठी साधारण सहा सेकंदांना एकदा दाबा, छाती उचललेली दिसेल इतकंच, आणि मग पिशवीवरचा दाब सोडून आकडे मोजा.